डोहात मासे सोडण्याआधी पाणी कसं पाहायचं

माझा भाचा महूपलीकडे, चोरल नदीच्या काठाला शेती करतो. दोन वर्षांमागे मे महिन्यात त्याचा फोन आला, "मावशी, डोहात रोहूची पिल्लं सोडू का?" मी इंदूरच्या एका शाळेत रसायनाची प्रयोगशाळा सांभाळलेली बाई. पाणी तपासायची पेटी उचलली, भर दुपारी दोनला पोचले, प्राणवायू मोजला. लिटरला 11 मिलिग्रॅम! "खुशाल सोड," म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी सगळी पिल्लं पोटं वर करून तरंगत होती.

चूक माझी होती, आणि ती वेळेची होती. पाणी 30 अंशांवर असलं की त्यात हवेतून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. अकरा आला म्हणजे पाण्यात शेवाळ माजलंय, ते उन्हात प्राणवायू ओततंय. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मोजला तर जेमतेम दीड भरला. तेव्हा प्राणवायू मोजायचा तो उजाडायच्या आधी.

नमुना घ्यायची बाटली काचेची, घट्ट बुचाची हवी. नदीच्याच पाण्याने विसळा, मग पाण्याखाली तिरपी धरून हळूच भरू द्या. बुडबुड आवाज झाला तर हवा मिसळली. ओता आणि परत भरा. बूच पाण्याखालीच लावायचं. काठावर येऊन मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तळाशी सोडा, बूच लावून उलटीसुलटी करा. साका चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पेटी बंद करा, घरी जाऊन पोहे खा. तपकिरी साक्याची बाटली सावलीत ठेवून घरी आणता येते. मग सल्फ्युरिक आम्ल (हातमोजे, चष्मा, आणि नातवंडं दुसऱ्या खोलीत), पिवळं झालेलं पाणी थायोसल्फेटच्या थेंबांनी फिकट करत न्यायचं, शेवटी स्टार्च घालून निळा रंग उडेपर्यंत थायोसल्फेटचे सगळे थेंब मोजायचे; जितके थेंब जास्त, तितका प्राणवायू जास्त. हे नको असेल तर मीटर मिळतो; मला मात्र तो रंग उडताना बघायचा असतो.

अमोनियाचं उलट आहे, तो दुपारी तपासा. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, त्याने पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा) चढतो, आणि चढत्या पीएचला अमोनिया जास्त विषारी होतो. 25 अंशांवर पीएच 8 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम 5 टक्के भाग विषारी रूपात असतो. 9 झाला की एक तृतीयांशाहून जास्त. किटवर बहुधा एकूण आकडा येतो, म्हणून पीएच आणि तापमान त्याच वेळी टिपून ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मत्स्यपालनाच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा अशी: पीएच 6.5 ते 8.5, प्राणवायू किमान 4 मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया, म्हणजे तोच विषारी भाग, 1.2 मिलिग्रॅमपर्यंत. मी स्वतः पहाटेचा प्राणवायू 5 मिलिग्रॅम भरल्याशिवाय होकार देत नाही.

पाण्यात मासे दिसतात म्हणून भुलू नका. मागूर, सिंघी वर येऊन हवाच गिळतात, त्यांना गटारही चालतं. त्यापेक्षा दगड उलटा. खाली तीन शेपट्यांच्या, चपट्या अळ्या चिकटलेल्या सापडल्या तर बरं. चिखलात नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर तिथे प्राणवायूचा दुष्काळ आहे. इंदूरला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी खान नदीचा चिखल मी एकदा चाळला होता, ताटलीत लालच लाल.

सगळे आकडे जमले तरी पिल्लं एकदम सोडायची नाहीत. पाण्यात जाळीचा हापा, म्हणजे जाळीची पेटी, बांधा, त्यात दहा पिल्लं दोन रात्री ठेवा. दोन्ही दिवशी पहाटे टॉर्च घेऊन जा. तोंडं पाण्याबाहेर काढून वासत असतील तर बाकीच्यांना पिशवीतच राहू द्या.