लांबलचक इंग्रजी शब्द फोडून कसा वाचावा
कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेतले मूल ‘ट्रान्सपोर्टेशन’ (transportation) या 14 अक्षरी शब्दापाशी अडखळले, तर त्याला स्पेलिंग घोकायला लावू नये. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश उच्चारायला सांगावा. स्वरागणिक हनुवटी खाली येते आणि ट्रान्स-पोर-टे-शन असे चार उच्चारखंड हाताला जाणवतात. मग अर्थाचे तुकडे पाडावेत: ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे आणि ‘एशन’ हा नाम घडवणारा प्रत्यय. हे तुकडे उच्चारखंडांशी तंतोतंत जुळत नाहीत, ‘एशन’ तर दोन खंडांत विभागला जातो, आणि हा फरक मुलाला आवर्जून दाखवावा असे मला मनापासून वाटते. कानडीतल्या ‘मनेयल्ली’मध्ये ‘मने’ म्हणजे घर आणि पुढचा भाग ‘-त’ या अर्थाचा, हे आपल्या मुलांना बोलता बोलता उमगलेलेच असते. तिथूनच सुरुवात करावी.