लिनक्स कर्नलमधली बफर ओव्हरफ्लो संरक्षणं कशी तपासावीत

कॉन्फिग फाइलमध्ये पर्याय चालू दिसतो, एवढ्यावरून संरक्षण काम करतंय असं धरू नये. एखाद्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कंपायलरचा तो फ्लॅग काढून टाकलेला असू शकतो. खात्री हवी असेल तर ओव्हरफ्लो, म्हणजे बफरच्या हद्दीबाहेर लिहिणं, मुद्दाम घडवायचा आणि कर्नल काय म्हणतो ते वाचायचं. यासाठी कर्नलच्या सोर्समध्येच एलकेडीटीएम नावाचं टेस्ट मॉड्यूल आहे.

रोजच्या मशीनवर हे करू नका. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये 1 जीबी रॅमचं व्हर्च्युअल मशीन पुरतं. डिस्क स्नॅपशॉट मोडमध्ये ठेवा (म्हणजे बदल कायमचे साठवले जात नाहीत), कारण संरक्षण बंद असताना मेमरी खरोखरच बिघडते. सीरियल कन्सोल होस्टवरच्या फाइलमध्ये वळवा; पॅनिक झाल्यावर, म्हणजे कर्नल पूर्ण थांबल्यावर, आतल्या डिस्कवरचा लॉग बहुधा अर्धवट राहतो. पॅनिक-ऑन-ऊप्स (कर्नलमधल्या गंभीर चुकीनंतर पॅनिक करायचं का, ही सेटिंग) 0 ठेवा, नाहीतर प्रत्येक चाचणीनंतर मशीन पुन्हा बूट करावं लागेल.

डीबगएफएस ही कर्नलची डीबगिंगसाठीची फाइलसिस्टम माउंट केल्यावर त्यात प्रोव्होक-क्रॅश ही डिरेक्टरी दिसते. तिथल्या डायरेक्ट या फाइलमध्ये ट्रिगरचं (ठरावीक चूक घडवणाऱ्या चाचणीचं) नाव लिहिलं की चाचणी सुरू होते. सिक्युअर बूटमुळे कर्नल लॉकडाउनमध्ये (रूटवरही बंधनं घालणाऱ्या मोडमध्ये) असेल तर रूट असूनही ही फाइल उघडत नाही. आणखी एक अडचण हमखास येते: शेलमधून थेट इको केलं तर लिहिणारी प्रोसेस म्हणजे तुमचा शेलच असतो, आणि कर्नल त्यालाच मारतो. म्हणून नाव वेगळ्या कॅट प्रोसेसमधून फाइलमध्ये पाठवा.

सुरुवात स्टॅकपासून करा, म्हणजे फंक्शनचे स्थानिक व्हेरिएबल आणि रिटर्न पत्ता जिथे असतो त्या मेमरीपासून. करप्ट-स्टॅक हा ट्रिगर 8 बाइटच्या कॅरेक्टर अ‍ॅरेवर 64 बाइट लिहितो, सगळे एफएफ (हेक्समधली बाइटची कमाल किंमत). स्टॅक प्रोटेक्टर चालू असेल तर फंक्शन परतण्याआधी कॅनरी (बफरच्या पुढे ठेवलेली खुणेची किंमत) बदललेली सापडते आणि ‘कर्नल स्टॅक इज करप्टेड इन’ असा पॅनिक येतो. इथेच बरेच जण फसतात. प्रोटेक्टर नसतानाही कर्नल कोसळू शकतो, कारण रिटर्न अ‍ॅड्रेसच्या जागी एफएफ भरलेले असतात. फक्त तेव्हा दिसतो तो साधा पेज फॉल्ट (चुकीच्या पत्त्यावर जाण्याची चूक). म्हणजे नुसता क्रॅश झाला म्हणून चाचणी पास झाली असं नाही. नेमका संदेश जुळवा. शिवाय तोच ट्रिगर प्रोटेक्टर बंद करून बिल्ड केलेल्या कर्नलवर चालवा आणि संदेश खरोखर नाहीसा होतो का ते पाहा. ही उलट तपासणी केल्याशिवाय निकालावर विसंबू नका.

दुसरा ट्रिगर करप्ट-स्टॅक-स्ट्राँग. यात कॅरेक्टर अ‍ॅरेऐवजी शॉर्ट आणि पॉइंटरची युनियन आहे. साधा प्रोटेक्टर 8 बाइट किंवा त्याहून मोठ्या कॅरेक्टर अ‍ॅरे असलेल्या फंक्शनलाच कॅनरी लावतो, त्यामुळे हे त्याच्या हातून सुटतं. स्ट्राँग प्रकार पकडतो. पहिला पकडला गेला आणि दुसरा सुटला, तर कर्नल साध्या प्रकाराने बिल्ड झालाय हे उघड आहे.

यूजरकॉपीचे, म्हणजे कर्नल आणि यूजर प्रोग्रॅम यांच्यात डेटा कॉपी करण्याचे, ट्रिगर त्यामानाने सोपे. हार्डन्ड यूजरकॉपी ही त्या कॉपीची हद्द तपासणारी सोय बूट पॅरामीटरने बंद करता येते, त्यामुळे उलट तपासणीसाठी पुन्हा बिल्ड लागत नाही. मेमकॉपीसारख्या फंक्शनमध्ये आकार तपासणारं फॉर्टिफाय मात्र कंपायलरला बफरचा आकार ठाऊक असेल तिथेच चालतं. ज्याचा आकार कंपायलरला कळत नाही अशा बफरबद्दल फॉर्टिफायच्या चाचण्या काहीच सांगत नाहीत.

स्लॅब-लिनिअर-ओव्हरफ्लो हा स्लॅबचा, म्हणजे कर्नल मागणीनुसार देत असलेल्या मेमरीचा, ट्रिगर वेगळ्या नजरेने वाचा. तो 1020 बाइट मागतो, अ‍ॅलोकेटर 1024 चा तुकडा देतो, आणि लिहिणं त्या तुकड्याच्या पुढच्याच 4 बाइटवर होतं. साध्या कर्नलमध्ये काहीही दिसत नाही. शेजारचा ऑब्जेक्ट गुपचूप बिघडतो. स्लब-डीबग एफझेड हा बूट पॅरामीटर दिला तर रेडझोन (ऑब्जेक्टभोवतीची राखीव खूण) तुटल्याचं कळतं, पण ते ऑब्जेक्ट मोकळा करताना. केसॅन हा कर्नलमधला मेमरीच्या चुका शोधणारा तपासनीस लिहिताक्षणीच पकडतो. म्हणूनच केसॅनचा कर्नल वेगळा ठेवा: तो आधीच आडवा आला तर ज्या संरक्षणाची परीक्षा घ्यायची त्याची पाळीच येत नाही. शेवटी महत्त्वाचा आहे तो प्रॉडक्शनच्याच कॉन्फिगवरचा निकाल.

हे नेहमी चालवायचं तर कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये एलकेडीटीएमची स्क्रिप्ट तयार आहे. प्रत्येक ट्रिगरला कोणता संदेश यायला हवा हे तिच्या टेस्ट्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पण करप्ट-स्टॅकचे दोन्ही ट्रिगर तिथे वगळलेत, कारण ते यशस्वी झाले की अख्खं मशीन बंद पडतं. सगळ्या सेल्फटेस्ट पास झाल्या तरी हे दोन स्वतंत्र बूटमध्ये चालवा, आणि निकाल होस्टवरच्या कन्सोल लॉगमधून वाचा.