कर्ज फेडायला बसण्याआधी

नात्यात कुणाचे हप्ते थकायला लागले की मला फोन येतो. पतसंस्थेच्या कर्ज विभागात एकवीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा वसुलीत, त्यामुळे "जरा एकदा बसू या का?" हे वाक्य मला पाठ आहे. बसू या की, पण रविवारी. शनिवारी संध्याकाळी पुढची तयारी करून ठेवा, नाहीतर दोन तास चहात आणि "बहुतेक पंचेचाळीस हजार राहिले असतील" असल्या अंदाजांत जातात.

आधी कागद काढा. सगळ्या खात्यांचे सहा महिन्यांचे उतारे, प्रत्येक कर्जखात्याचा ताजा उतारा, सोनंतारणाची पावती, क्रेडिट कार्डाची शेवटची तीन बिलं. मोबाइलवर ज्या अ‍ॅपवरून पैसे उचललेत, त्यांची नावंही लिहा. पाच-सात हजारांची असतात म्हणून ती कुणी धरत नाही आणि नेमकी तीच महिनाअखेरीला गळ्याशी येतात. सिबिलचा अहवाल काढा, त्यात आपल्या सगळ्या कर्जांची नोंद असते. अशी नोंद ठेवणाऱ्या सिबिल धरून चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, त्यासाठी कुणा एजंटाला पाचशे रुपये देऊ नका. आपण विसरलेलं एखादं कर्ज त्यात सापडतं, आणि मित्राला जामीन राहिलो होतो तेही.

आता वही. आडवं पान घ्या आणि रकाने पाडा: कोणाचं, मुद्दल किती शिल्लक, व्याजाचा दर, हप्ता, हप्त्याची तारीख, तारण काय. आणि शेवटचा रकाना जामीनदाराचा. हा रकाना लोक पाडतच नाहीत. माझ्या मते पानावर सगळ्यात महत्त्वाचा तोच. पतसंस्थेचं कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, आणि तो कर्जदाराइतकाच जामीनदारावरही चालतो. तुमच्या कर्जापायी जामीन राहिलेल्या शाळेतल्या शिपाईमामांच्या पगारातून कपात सुरू झाली की गावात तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. वसुलीला गेलो की कर्जदार घरात नसायचा, जामीनदार मात्र दारातच उभा असायचा. म्हणून जिथे माणूस अडकलाय ते कर्ज व्याज कमी असलं तरी थकू द्यायचं नाही, हप्ता तारखेला गेलाच पाहिजे.

ज्याला कागदच नाही तेही याच पानावर यायला हवं: वाण्याची उधारी, मेहुण्याचे हातउसने, उचलून झालेली पण अजून भरायची राहिलेली भिशी. इथे नवरा-बायको दोघं समोर लागतात. एकट्यानं केलेल्या यादीत दोन नोंदी कमी असतात, असा माझा अनुभव आहे. त्या कुठल्या, हे मी विचारत नाही, आपसात विचारा.

दराच्या रकान्यात सांगितलेला आकडा तसाच उतरवू नका. गावातला सावकार "शेकडा तीन" म्हणतो तेव्हा ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. त्याच्याकडे सहकार खात्याचा परवाना आहे का, ते सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळतं. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. शोरूममधल्या "फक्त १० टक्के"चंही तसंच. एक लाख, तीन वर्षं, सरळ १० टक्के (तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज), म्हणजे महिन्याला ३,६११ रुपये. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १८ च्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ नंतर बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं असेल तर सोबत मुख्य माहितीचं पत्रक मिळालेलं असतं. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर छापलेला असतो. तोच लिहा.

क्रेडिट कार्डापाशी जरा थांबा. समजा पन्नास हजार थकलेत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. १,७५० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५. बिलावरची "किमान रक्कम" ५ टक्क्यांनी २,५०० भरलीत, तर मुद्दल उतरलं ४३५ रुपये. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा शनिवारीच कार्ड कपाटात ठेवा आणि खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेला त्याचा नंबर काढून टाका. जामीनदार असलेल्या कर्जांचे हप्ते बाजूला काढले की उरलेला जादा पैसा आधी इथे आणि शेकड्याच्या सावकाराकडे.

सोन्याचं बोलताना आवाज खाली येतो, माहीत आहे. तरी सांगतो: नुसतं व्याज भरून तेच दागिने तिसऱ्यांदा नव्यानं ठेवले असतील, तर त्यातला एखादा मोडून बाकीचे सोडवणं बरं. कुठला मोडायचा, हे ज्याचा दागिना आहे त्यानंच ठरवायचं.

घरखर्चाचं पान वेगळं करा, त्यावर फार वेळ घालवू नका. तीन महिन्यांचे खरे आकडे पुरे. शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि गणपती-दिवाळी यांना बारानं भागून दरमहा धरा. नवं कर्ज बहुधा तिथूनच उगवतं. महिनाभराचं रेशन आणि औषधं निघतील एवढी रक्कम मात्र शिल्लक ठेवा, सगळी कर्जात ओतू नका.

सोमवारी करायच्या फोनांची यादी आदल्या दिवशीच लिहून ठेवा. पगार सातला आणि हप्ता पाचला असेल तर तारीख बदलून मागा. हप्ता परत गेला की दंड दोन्हीकडून बसतो. वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद केलं तर आकार किती, ते विचारा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला तो लागत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच बंद केलाय. थकबाकी असेल तर आपणहून शाखेत जा. आलेल्या माणसाशी आम्ही वेगळं बोलायचो. बँकेच्या वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हेही वहीच्या कोपऱ्यात असू द्या. तडजोडीचा आकडा कुणी पुढे केला तर लेखी घ्या. आणि सिबिलच्या अहवालात "सेटल्ड", म्हणजे तडजोडीनं मिटवलेलं, असा शेरा पडला की पुढचं कर्ज मिळताना ते आडवं येतं, हे धरूनच हो म्हणा.

शेवटी एक रिकामी फाइल आणून ठेवा. कर्ज मिटलं की ना-देय दाखला, कोरे दिलेले चेक परत, गाडीच्या आरसीवरून बँकेचं नाव उतरवायचे कागद, जमीन तारण असेल तर तलाठ्याकडे अर्ज करून सातबाऱ्यावरचा बोजा कमी केलेला उतारा, हे सगळं त्यात जाईल. घराची मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत द्यायची असतात. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. दाखल्याच्या झेरॉक्स दोन जास्त काढा. एकेक जामीनदाराच्या घरी नेऊन द्यायला.