पायथनचा प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर धाडण्यापूर्वीची तयारी

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम आपल्या संगणकावर बिनतक्रार चालतो, कारण इंटरप्रिटर, वेळोवेळी बसवलेली पॅकेजेस, फॉण्ट आणि फोल्डरांची ओळखीची मांडणी हे सगळे तेथे आधीपासून हजर असते. पायइन्स्टॉलर, म्हणजे पायथन नसलेल्या संगणकावरही प्रोग्राम चालावा म्हणून त्याचे पाकीट बांधणारे साधन, यांपैकी बरेचसे गोळा करतो, पण सगळे नाही. म्हणून त्याची आज्ञा चालवण्याआधी पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात. उदाहरण म्हणून, एक्सेलमधील नावे वाचून मराठी प्रमाणपत्रे छापणारा, टीकेइंटरची (पायथनसोबत येणाऱ्या, खिडक्या-बटणे बनवणाऱ्या लायब्ररीची) खिडकी असलेला एक छोटा प्रोग्राम काही शाळांना द्यायचा आहे, असे धरले आहे.

सर्वांत आधी समोरचे संगणक कोणते आहेत, हे विचारून लिहून ठेवावे. पायइन्स्टॉलर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासाठीच प्रोग्राम बांधतो. लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी फाइल तयार होत नाही. एखाद्या शाळेत अजून विंडोज ७ असेल, तर पायथन ३.८ च्या पुढे जाता येणार नाही, कारण ३.९ पासून त्या विंडोजचा आधार काढून घेतला आहे. आणि विंडोज ३२ बिटची असेल, तर पायथनही ३२ बिटचाच हवा. मॅकसाठी मॅकच लागतो, शिवाय ॲपलच्या नोटरायझेशनची, म्हणजे प्रोग्राम ॲपलकडून तपासून घेण्याची, पायरी येते. मॅक वापरणारे कोणी नसेल, तर त्या वाटेला न गेलेलेच बरे.

बांधणीसाठी नवे, रिकामे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (एका प्रोग्रामपुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) करावे, त्यात लागतील तेवढीच पॅकेजेस बसवावीत आणि त्यांच्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये पक्क्या नोंदवाव्यात. एका शीटमधील दोन रकाने वाचण्यासाठी पांडाज हे माहिती-विश्लेषणाचे मोठे पॅकेज वापरले असेल, तर त्याच्यासोबत नमपाय हे गणिताचे पॅकेजही येते आणि पाकीट विनाकारण फुगते; तेथे फक्त एक्सेल फाइली हाताळणारे ओपनपायएक्सएल पुरते.

यानंतर फाइलींचे मार्ग तपासावेत, आणि येथे घाई करू नये. प्रमाणपत्राची चौकट, शाळेचे बोधचिन्ह, फॉण्ट यांना पायथनचा कोड आयात करत नाही, त्यामुळे ‘ॲड-डेटा’ या पर्यायाने किंवा स्पेक फाइलमध्ये (पायइन्स्टॉलरच्या बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) त्यांची नावे स्वतः द्यावी लागतात. कोडमध्ये त्यांचा मार्ग चालू फोल्डरवरून न काढता कोडच्या फाइलच्या जागेवरून काढावा. लिहायच्या फाइलींचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एकाच एक्झी फाइलचा प्रकार निवडला, तर ती प्रत्येक वेळी तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते आणि प्रोग्राम बंद होताच तो फोल्डर पुसला जातो. मी एकदा दाखल्यांची एसक्यूलाइट नोंदवही (एकाच फाइलमधला डेटाबेस) कोडशेजारीच ठेवली होती. दिवसभर नोंदी दिसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही कोरी होती. तेव्हापासून नोंदी, सेटिंग्ज आणि लॉग ॲपडेटामधील (विंडोजने प्रत्येक वापरकर्त्याला दिलेल्या जागेतील) स्वतंत्र फोल्डरमध्येच ठेवतो, कारण प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिताही येत नाही.

मराठी मजकूर छापायचा असल्यास आणखी एक तपासणी हवी, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. चित्रावर मजकूर उमटवणारे पिलो हे पॅकेज देवनागरीची जुळणी राक्म या लायब्ररीकडून करून घेते, आणि राक्मला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल (विंडोजमधील लायब्ररीची फाइल) अनेकदा वेगळी पुरवावी लागते, आणि ती प्रोग्राम चालू असताना शोधली जात असल्याने पायइन्स्टॉलरला तिचा पत्ता लागत नाही. ती मिळाली नाही, तर पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात आणि ‘शिक्षण’ हा शब्दही वाचता येईनासा होतो. म्हणून डीएलएल पाकिटात घालावी, आणि सुरुवातीलाच पिलोच्या फीचर्स मॉड्यूलकडून राक्म उपलब्ध असल्याची खात्री करून, नसल्यास छपाईच थांबवावी. फॉण्ट परवानगीने सोबत देता येणारा असावा; नोटो सान्स देवनागरी त्या दृष्टीने सोयीचा आहे. मजकुराच्या फाइली उघडताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्ट लिहावे.

पहिली बांधणी कन्सोलची काळी खिडकी ठेवूनच करावी. ज्या मॉड्यूलचे नाव प्रोग्राम चालतानाच ठरते ते पायइन्स्टॉलरला दिसत नाही. असे मॉड्यूल ‘हिडन-इम्पोर्ट’ म्हणून सांगावे लागते, आणि बिल्ड फोल्डरमधील इशाऱ्यांची फाइल त्यासाठी चाळावी, जरी तिच्यातील बहुतेक नोंदी निरुपद्रवी असल्या. कन्सोल काढल्यावर टीकेइंटरच्या बटणामागे घडलेली चूक कोठेच उमटत नाही, तेव्हा त्याआधी लॉग फाइलची सोय झालेली असावी.

एकच फाइल की फोल्डर, या प्रश्नावर माझा कौल फोल्डरला आहे. एकेरी फाइल सुटसुटीत दिसते, पण उघडायला वेळ घेते आणि अँटिव्हायरसच्या संशयाला अधिक बळी पडते; यूपीएक्स या एक्झी लहान करणाऱ्या साधनाने आकार दाबल्यास तो संशय वाढतोच. फोल्डर झिप करून दिला, तर लोक झिपच्या आतूनच एक्झीवर डबल क्लिक करतात आणि शेजारच्या फाइली न सापडल्याने प्रोग्राम उघडत नाही, म्हणून इनो सेटअप या साधनाने इन्स्टॉलर करावा. तो जीमेलने पाठवता येणार नाही. जीमेल एक्झी फाइल झिपमधली असली तरी अडवते. डिजिटल सही नसेल, तर विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या सुरक्षा-तपासणीचा निळा इशारा येईल, त्याचे चित्र आणि एसएचए-२५६ ची बेरीज (फाइल बदललेली नाही हे ताडून पाहण्याचा सांकेतिक आकडा) सूचनापत्रात द्यावी.

कोडमध्ये पासवर्ड राहिलेला नाही ना, हेही पाहावे, कारण पाकिटातील बाइटकोड (पायथनने रूपांतरित केलेला कोड) बाहेर काढता येतो. खिडकीसाठी टीकेइंटरऐवजी पायक्यूटी ही लायब्ररी वापरली असेल, तर जीपीएल (कोड खुला ठेवायला लावणारा मोफत परवाना) किंवा विकतचा परवाना यांतून आधीच निवड करावी.

शेवटची चाचणी पायथन कधीच बसवलेला नाही अशा संगणकावर करावी. विंडोज प्रोमधील सँडबॉक्स, म्हणजे बंद करताच पुसला जाणारा कोरा विंडोज, हाही चालतो. तेथे इंटरनेट बंद ठेवून, शक्यतो प्रशासक नसलेल्या आणि देवनागरी नावाच्या खात्यातून इन्स्टॉलर चालवावा, ‘कृष्णा’, ‘प्रज्ञा’, ‘सिद्धी’ अशी नावे छापून पाहावीत, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा आणि नोंदी जागेवर आहेत का ते पाहावे. खिडकीच्या शीर्षकात आवृत्तीचा क्रमांक दिसत असावा, म्हणजे शाळेतून फोन आल्यावर पहिला प्रश्न विचारता येतो.