जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलाची औषध-ॲलर्जी : पालकांनी नोंद कशी ठेवावी

‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे केस पेपरवर एकदा लिहिले गेले की पुढचा प्रत्येक दवाखाना ते तसेच उतरवून घेतो आणि नेमके काय झाले होते, हे काही वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. निरोगी मुलाचे दुसऱ्या औषधावर बहुधा भागते. परंतु क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज (रक्तातल्या पांढऱ्या पेशींना काही जंतू व बुरशी मारता येत नाहीत, असा जन्मजात प्रतिकारदोष) असलेल्या मुलाला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल हे सल्फा गटाचे अँटिबायोटिक आणि इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध रोज घ्यावे लागते, आणि त्यांतले एक जरी विनाकारण बंद झाले तरी त्याचे कवच पातळ होते. खरी ॲलर्जी नजरेआड होऊ नये आणि न तपासलेली ॲलर्जी कायमची चिकटू नये, या दोन्हींसाठी पालकांच्या हातातले सर्वांत मोठे साधन म्हणजे त्याच दिवशी केलेली नोंद.

नोंदीत ब्रँडच्या नावाबरोबर वेष्टनावरचे मूळ औषधाचे नाव, ताकद आणि बॅच क्रमांक लिहावा, कारण एकच औषध ठाण्यातल्या मेडिकलमध्ये एका नावाने आणि वाशीत दुसऱ्या नावाने मिळू शकते. त्यापुढे औषध कशासाठी दिले होते, कितव्या दिवशी आणि शेवटच्या डोसनंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, त्या वेळी ताप होता का, आणखी कोणती औषधे चालू होती, हे लिहावे. वेळेला फार महत्त्व आहे. तत्काळ होणारी ॲलर्जी बहुधा तासाभरात दिसते. उशिरा होणारी काही दिवसांनी, तर कधी काही आठवड्यांनीही उमटते. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटने झालेले जुलाब हा बहुतेक वेळा दुष्परिणाम असतो, ॲलर्जी नव्हे. तो वेगळ्या रकान्यात लिहावा.

पुरळाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते लावायला हरकत नाही, पण आधी फोटो काढावा, कारण गांधी काही तासांत विरून जातात आणि डॉक्टरांसमोर दाखवायला काहीच उरत नाही. काचेचा पेला दाबून धरल्यावर जे लाल ठिपके पुसट होत नाहीत, ते त्वचेखालील रक्तस्रावाचे असू शकतात. विस्कॉट-ॲल्ड्रिच सिंड्रोम या जन्मजात प्रतिकारदोषात प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी असल्यामुळे असे ठिपके औषधाशिवायही येतात; मात्र ते नव्याने आले असतील, विशेषतः सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावेत. विषाणूजन्य तापातही पुरळ येते आणि त्याच काळात अँटिबायोटिक चालू असल्याने दोष औषधावर जातो. ओमेन सिंड्रोम या तान्ह्या वयातल्या गंभीर प्रतिकारदोषात तर साऱ्या अंगावरची लाली हे मूळ आजाराचेच लक्षण असते. हे वेगळे ओळखणे डॉक्टरांचे काम आहे. पालकांनी केवळ पुरावा जपावा.

श्वास घेताना धाप किंवा घरघर, ओठ-जीभ सुजणे, वारंवार उलट्या, अंग गळून जाणे यांपैकी काही औषधानंतर लगेच दिसले, तर १०८ वर फोन करावा आणि परळच्या मोठ्या रुग्णालयांची वाट न धरता जवळचे आपत्कालीन विभाग असलेले रुग्णालय गाठावे. घोडबंदर रस्त्यावरच्या गर्दीत गेलेली मिनिटे परवडत नाहीत. अशा वेळी पहिले औषध मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हेच असते, ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे आणि कातडी सोलवटणे ही लक्षणे एकत्र आली तर पुढचा डोस मुळीच देऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. सल्फा गटाच्या औषधांमुळे हा धोका बहुधा औषध सुरू केल्यापासून ४ ते २८ दिवसांत संभवतो.

इम्युनोग्लोब्युलिनचे (जंतूंशी लढणाऱ्या तयार अँटिबॉडींचे) सलाइन चालू असताना डोके दुखणे, थंडी वाजणे किंवा ताप येणे हे पुष्कळदा सलाइनच्या वेगामुळे, किंवा मुलाला आधीच संसर्ग असल्यामुळे होते. लगेच नर्सला सांगावे. वेग कमी केल्यावर काय झाले, हे ब्रँड आणि बॅचसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी सलाइन कसे लावायचे ते ठरवता येते.

तपासणीसाठी मुलाची पूर्ण फाइल न्यावी. परळला वाडिया बाल रुग्णालय आहे आणि केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, जिथे या आजारांचे निदान होते. नवी मुंबईकरांना हार्बरने कुर्ल्याला गाडी बदलून तिथे जाता येते. त्वचेवरच्या चाचणीआधी ॲलर्जीची गोळी काही दिवस थांबवावी लागते, किती दिवस ते आधी विचारावे. ज्या मुलात अँटिबॉडी जवळजवळ तयारच होत नाहीत, त्याची ही चाचणी निगेटिव्ह आली तरी उशिरा होणारी प्रतिक्रिया नाकारता येत नाही, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्यावे. औषध थोडे थोडे देऊन पाहण्याची चाचणी रुग्णालयातच व्हावी, घरी कधीही नाही.

ॲलर्जी नाही असे ठरले, तर ते डॉक्टरांकडून लेखी घ्यावे आणि जुन्या फाइलवर, शाळेच्या आरोग्यकार्डावर, नेहमीच्या केमिस्टकडे व फॅमिली डॉक्टरांकडे असलेला जुना उल्लेख तारखेसह खोडून घ्यावा.