आधी प्रश्न, मग प्रश्नावली: ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना संशोधन शिकवताना

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या चौकटीनुसार पदवीच्या पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते, आणि त्यातले 12 क्रेडिट शोधप्रकल्पाचे असतात. म्हणजे आपल्यासमोर येतो तो वर्गातला हुशार मुलगा किंवा मुलगी. पण हे गुण दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहून मिळालेले असतात. स्वतः प्रश्न काढायची वेळ त्यांच्यावर तोवर आलेलीच नसते. म्हणून पहिले चार आठवडे फक्त प्रश्नासाठी राखून ठेवा. या काळात प्रश्नावली, गूगल फॉर्म, प्रकरणांची यादी यांपैकी काहीही स्वीकारू नका.

पहिल्या भेटीत बहुतेक जण ‘नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या समस्या’ असे काहीतरी घेऊन येतात. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर विद्यार्थ्याला चार गोष्टी विचारा: नेमके काय मोजणार, कुठे मोजणार, कोणत्या तारखांमधले, आणि कोणते उत्तर आले तर तुझा अंदाज चुकला असे म्हणशील? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोणतेही उत्तर आले तरी ज्याचा अंदाज खराच ठरतो, त्याने अजून प्रश्न काढलेला नाही.

याच विषयातून निघणारा कामाचा प्रश्न असा: 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, त्याआधीच्या आणि नंतरच्या चार-चार आठवड्यांत लासलगाव बाजार समितीतल्या सर्वसाधारण दरात किती फरक पडला, आणि पिंपळगाव बसवंतला तितकाच पडला का? आता लगेच उलट प्रश्न करा. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, मग दर बंदीने उतरला की आवकेने? विद्यार्थी अडेल, अडू द्या. मागच्या दोन-तीन वर्षांचे तेच आठवडे शेजारी मांडायचे त्याला स्वतःला सुचले, तर त्या दिवशी तो संशोधन शिकला. तुम्ही आधीच सांगून टाकले, तर तो फक्त सूचना पाळेल.

आकडे उतरवताना कुठे घसरतात

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर मिळतात. दिसायला सोपे काम, पण चुका इथेच होतात. लासलगाव, लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. मुले कधी तिन्ही एकत्र करतात, तर कधी एकच घेतात आणि अहवालात तसे लिहीतच नाहीत. लाल आणि उन्हाळी कांदा एकाच रकान्यात पडतो. लिलाव बंद असलेल्या दिवशी कोणी शून्य लिहितो आणि महिन्याची सरासरी कोसळते. बंदीनंतर जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद होते, त्यामुळे या उदाहरणात तर ही चूक हमखास होणार. बंद दिवसाची चौकट रिकामी ठेवायची आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहायचे. आठवड्याचा दर काढताना पाच दिवसांच्या दरांची नुसती सरासरी चालत नाही. 2 हजार क्विंटलचा दिवस आणि 20 हजार क्विंटलचा दिवस सारखे कसे धरणार? रोजचा दर गुणिले रोजची आवक, त्याची बेरीज, भागिले एकूण आवक. हे गणित एकदा तरी हाताने, कागदावर करून घ्या.

मूळ तक्ता जसा उतरवला तसा कुलूपबंद ठेवायचा. सगळी साफसफाई त्याच्या प्रतीवर करायची आणि प्रत्येक बदलाची ओळ तारखेसह नोंदवहीत लिहायची.

लोकांना विचारायचे असेल तर

प्रश्नावली आधी दहा जणांवर चालवून पाहा, आणि हे दहा जण अंतिम यादीत धरू नका. ‘पाणी आणि वीज पुरेशी मिळते का?’ हे दोन प्रश्न आहेत. होय आले तर ते कशाला, हे कळणार नाही. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ याला शेतकरी अंदाजे आकडा सांगतो किंवा टाळतो. त्याऐवजी ‘शेवटची गाडी किती क्विंटलची होती, काय भावाने गेली?’ असे विचारले की पावती आठवून उत्तर मिळते. आराखडा इंग्रजीत केला असेल तर मराठी प्रश्न दुसऱ्या विद्यार्थ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या. अर्थ कुठे सरकला ते तिथेच दिसते.

नमुन्याचा हिशेब फळ्यावर मांडा. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 96 जणांच्या टक्केवारीत, 95 टक्के विश्वासपातळीवर, दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. पाच टक्क्यांवर आणायचे तर 384 जण लागतात. त्यामुळे शंभर जणांत 52 हो आणि 48 नाही आले, तर ‘बहुसंख्य’ हा शब्द वापरता येत नाही. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉर्मला हे गणित लागूच होत नाही, कारण तिथे निवड केलेलीच नसते. असा फॉर्म वापरू नका असे नाही, पण निष्कर्षात ‘नाशिककर’ न लिहिता ‘उत्तर देणारे’ लिहायला लावा. ज्याला विचारायचे त्याची संमती आधी घ्यायची, आणि नावे तक्त्यात न ठेवता क्रमांक वापरायचे.

विज्ञान शाखेच्या मुलांचा आवडता विषय गोदावरीचे पाणी. इथली नेहमीची चूक म्हणजे रामकुंडावर एक बादली भरायची, तिच्यातून तीन बाटल्या घ्यायच्या आणि तीन नमुने म्हणायचे. तो नमुना एकच. शिवाय बादलीतून ओतताना हवा मिसळते आणि विरघळलेला ऑक्सिजन जास्त दिसतो. 300 मिलीची बाटली पाण्याखाली बुडवून, बुडबुडा न राहता भरायची आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड ही रसायने प्रत्येकी 2 मिली घाटावरच घालायची. कॉलेजात पोचेपर्यंत थांबले तर वाचन बदलते. बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याची) चाचणी 27 अंश सेल्सिअसवर तीन दिवसांची असते, म्हणून गुरुवारी नमुना घेऊ नये: तिसरा दिवस रविवारी येतो आणि प्रयोगशाळा बंद असते. सोमवार बरा.

वाचन आणि लेखन

पन्नास शोधनिबंधांची यादी मागू नका. बारा मागा, प्रत्येकावर स्वतःच्या शब्दांत एक पान: प्रश्न काय, माहिती कुठली, पद्धत कोणती, काय सुटले. शोधगंगेवरचा (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला) प्रबंध उघडला की आधी पद्धतीचे प्रकरण वाचायला सांगा. इतिहासाच्या मुलांनी 1883 चे नाशिक गॅझेटियर जरूर वापरावे, पण ते वासाहतिक प्रशासनाने स्वतःच्या गरजेसाठी लिहून घेतलेले आहे हे टिपणाच्या पहिल्याच ओळीत नोंदवावे. काळाराम मंदिर सत्याग्रहावर काम असेल तर 2 मार्च 1930 च्या आसपासची किमान दोन वेगळ्या भूमिकांची वृत्तपत्रे शोधायला पाठवा.

चॅटबॉट खऱ्यासारखे दिसणारे पण अस्तित्वात नसलेले संदर्भ देतात. नियम साधा ठेवा: ज्याचे पहिले पान दाखवता येत नाही, तो संदर्भ कापायचा. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या 2018 च्या नियमांत इतर लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण मुले शब्द बदलून आकडा खाली आणायला शिकतात. म्हणून आकड्याआधी, तपासणीच्या सॉफ्टवेअरने रंगवलेली वाक्ये त्यांच्यासोबत बसून वाचा.

लेखनाची सुरुवात पद्धतीच्या प्रकरणापासून, तीही काम चालू असतानाच. प्रास्ताविक सर्वांत शेवटी. दर आठवड्याला वीस मिनिटे भेटा, नोंदवही उघडून. नोंदवही कोरी असेल तर चर्चा न करता पुढची वेळ द्या. व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) पंधरा दिवस आधी मूळ तक्ता आणि पद्धतीचे प्रकरण दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्या आणि मुख्य आकडा पुन्हा काढायला सांगा. नाही निघाला, तर दुरुस्त करायला अजून दोन आठवडे हातात आहेत.