मुदत शुक्रवारची, सही मंगळवारची

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या एखाद्या स्पर्धेच्या किंवा योजनेच्या परिपत्रकावर शेवटची तारीख शुक्रवारची असेल, तर तुमचा अर्ज सोमवारी भरून तयार हवा. मंगळवारी विभागप्रमुखांची किंवा प्राचार्यांची सही, बुधवारी कार्यालयाचा गोल शिक्का आणि जावक क्रमांक, गुरुवार राखीव. नव्याने आलेल्या मुलामुलींच्या हातून संधी निसटतात त्या बहुतेक याच टप्प्यावर. अर्ज चांगला असतो, पण सही करणारे सर त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी असतात, किंवा शिक्क्याचं कपाट ज्या बाईंकडे आहे त्या रजेवर असतात. यात कुणाचाच दोष नसतो, तरीही वर्ष जातं. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा. एक आत द्यायची, दुसऱ्यावर आवक शिक्का आणि तारीख घेऊन पोच म्हणून जपायची. अर्ज गहाळ झाला तर बोलायला हातात तेवढाच कागद असतो.

परिपत्रक हातात आलं की ‘विषय’ नंतर वाचा, आधी ‘प्रति’ बघा. तिथे ‘विद्यापीठ परिसरातील सर्व शैक्षणिक विभाग’ असेल तर ती योजना गणेशखिंडीतल्या विभागांसाठी आहे. ‘सर्व संलग्न महाविद्यालये’ असेल तर कॉलेजांसाठी. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि त्यांच्याकडे परिपत्रक जातं ते प्राचार्यांच्या नावाने. तिथून ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे येतं आणि फळ्यावर लागतं ते त्यानंतर. मधले दिवस वाया जाऊ द्यायचे नसतील तर आपल्या कॉलेजात हे अधिकारी कोण आहेत ते पहिल्याच आठवड्यात शोधा आणि दर आठवड्याला एकदा जाऊन विचारा. त्यांना याचा त्रास होत नाही. चांगले अर्ज मिळत नाहीत ही त्यांचीच तक्रार असते. परिपत्रकाच्या तळाशी ‘सोबत : अर्जाचा नमुना’ असतं, तोच नमुना वापरा. सीनियरने दिलेला गेल्या वर्षीचा नमुना तसाच दिसतो, पण त्यात एखादा रकाना कमी असतो आणि अर्ज परत येतो.

बोनाफाईड, म्हणजे तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी असल्याचा दाखला, मागताना कारण नीट सांगा, कारण त्यावर ते छापलं जातं. बसच्या पासासाठी काढलेलं बोनाफाईड स्पर्धेच्या अर्जाला चालेलच असं नाही. दुसरी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, अशी तीन रूपं अनेकांची असतात. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहा आणि बाकीचे कागद सवड काढून तसे करून घ्या.

पैशांच्या बाबतीत नोंदींमधली अशी तफावत फार नडते. राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती खाते क्रमांक पाहून जमा होत नाही, आधारशी शेवटच्या जोडलेल्या खात्यात जाते. गावाकडच्या बँकेत जोडणी असेल आणि तुम्ही पुण्यात नवं खातं उघडून ते आधारशी जोडलं, तर रक्कम नव्या खात्यात पडते आणि तुम्ही जुनं पासबुक भरून घेत बसता. बँकेत ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारू नका, ‘आधार सीडिंग कोणत्या बँकेचं आहे’ असं विचारा. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि पैसे सीडिंगप्रमाणे जातात. ‘कमवा व शिका’ योजनेत काम मिळालं तर रोजच्या तासांची नोंद त्याच दिवशी हजेरीपटावर करून सही घ्या. महिनाअखेरीस आठवून भरलेली हजेरी तपासणीत अडकते, आणि खोलीचं भाडं त्याच पैशांवर असेल तर तो महिना फार कठीण जातो.

आता ‘आविष्कार’बद्दल, कारण पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एवढं शिकवणारी दुसरी स्पर्धा विद्यापीठात क्वचितच असेल. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून होते. कला-भाषा-मानव्य, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, मूलभूत विज्ञान, शेती-पशुपालन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान आणि वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी वेगवेगळे स्पर्धा करतात. आधी पोस्टर, त्यातून निवड झाली की सादरीकरण. कॉलेजपासून राज्यापर्यंत एकेक फेरी चढत जायचं.

परिपत्रक आल्यावर विषय शोधायला बसलात तर उशीर झाला. जुलैत विषय धरा, आणि तो असा धरा की मोजणी तुम्हाला स्वतः करता येईल. समजा, वसतिगृहाच्या मेसमध्ये वाया जाणारं अन्न. चौदा दिवस, दोन्ही वेळची जेवणं, ताटातलं उष्टं टाकायला तीन बादल्या : पोळी, भात, भाजी-आमटी. रिकाम्या बादलीचं वजन आधी करून तिच्यावर मार्करने लिहा. त्या वेळी किती जण जेवले ते मेसच्या वहीतून घ्या आणि दर माणशी ग्रॅम काढा. इथे घोळ ठरलेले आहेत. बादलीचं वजन वजा करायचं राहतं. कुणीतरी ताट विसळलेलं पाणी त्यातच ओततं आणि आमटीच्या बादलीचं वजन भलतंच वाढतं. रविवारी फीस्ट असते, त्या दिवसाचा आकडा बाकीच्यांत मिसळला की सरासरी बिघडते. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, जेवणातले पदार्थ आणि शेऱ्याचा रकाना हवाच. परीक्षक आधी विचारतात ते हेच : एवढेच दिवस का, हीच मेस का, हे आधी कुणी मोजलं आहे का, आणि याचा उपयोग कोण करणार? वही समोर ठेवून उत्तर देणाऱ्याचा आवाज वेगळाच असतो, आणि परीक्षकांना तो ओळखू येतो.

पोस्टरचं माप परिपत्रकात दिलेलं असतं, त्यात इंचभरही फरक करू नका. चार-पाच फुटांवरून वाचता यावं म्हणून मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक त्याच्या तिप्पट. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाईल छपाईच्या दुकानातल्या संगणकावर उघडली की ‘र्’चे रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि आदल्या रात्री ते दुरुस्त होत नाही. फाईल पीडीएफ करून, फॉन्ट त्यातच बसवून न्या आणि आधी ए-फोर कागदावर एक प्रत काढून वाचा. चकचकीत फ्लेक्सवर सभागृहातल्या दिव्यांची तिरीप येते. मॅट कागद बरा.

उन्हाळ्यातली संशोधनाची कामं हिवाळ्यात शोधायची असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, तिचे अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान) या संस्था पुण्यातल्या मुलांना हाकेच्या अंतरावर आहेत, पण तिथेही मे महिन्यात जाऊन विचारलं तर जागा भरलेल्या असतात. शिफारसपत्रासाठी बाईंना किंवा सरांना किमान तीन आठवडे आधी भेटा आणि सोबत एक पान द्या : त्यांच्याकडे कोणता पेपर शिकलात, गुण किती, कुठे अर्ज करताय, पत्र कोणत्या तारखेपर्यंत कुठे पाठवायचं. शिफारस बऱ्याचदा शिक्षकांच्या संस्थेच्या ईमेलवर मागवली जाते, ती स्पॅममध्ये जाते. मुदतीच्या तीन दिवस आधी नम्रपणे आठवण करा. ते रागावत नाहीत. ‘मला संशोधनाची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी प्रात्यक्षिकात न जुळलेला एखादा आकडा आणि तो का जुळला नसावा याचा तुमचा अंदाज लिहा.

नाटकाची ओढ असेल तर पावसाळा मोकळा ठेवा. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरातली प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये असते. म्हणजे तालमी जून-जुलैत सुरू. पहिल्या वर्षी भूमिका मिळाली नाही तरी प्रॉपर्टी (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू), प्रकाश किंवा नेपथ्याचं काम मागून घ्या. पुढच्या वर्षीच्या संघात तीच मुलं आधी धरली जातात. हजेरीच्या सवलतीचं पत्र तालमी सुरू होतानाच द्या, सत्र संपताना नको.

ज्यांना अर्जच लागत नाही असे कार्यक्रम पुण्यात भरपूर आहेत, आणि नवे विद्यार्थी त्यांना फार कमी जातात याचं वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला दर उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका लोकांसाठी खुली असते. त्याच सुमारास नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी काही जवळून बघता येतात. पुण्याहून नारायणगावला जाणारी सकाळची एसटी धरा, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली बरोबर ठेवा. खोडदला पोचल्यावर मोबाइल बंद करून ठेवा : त्या दुर्बिणी आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग टिपतात, आणि खिशातला एक फोनही त्यांच्यापुढे फार मोठा आवाज असतो.